विनोदी चित्रपटाला दुसरा बुधवार मिळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विनोदी चित्रपटाचे परीक्षण म्हटले की ‘हलकाफुलका’, ‘घटकाभर करमणूक’, ‘डोके बाजूला ठेवून पाहावा’ असे ठरलेले दोन-चार शब्द वाचायला मिळतात आणि विषय संपतो. चित्रपटगृहात काम करणाऱ्यांमध्ये मात्र अशा चित्रपटावरून जितकी मते पडतात, तितकी मारधाडीच्या किंवा भुताखेतांच्या चित्रपटावरून पडत नाहीत. ऑपरेटर एक सांगतो, डोअरकीपर दुसरे, सफाईच्या मावशी तिसरे आणि बुकिंगच्या खिडकीत चौथेच काहीतरी ऐकू येते. प्रत्येक जण ज्या जागेवर उभा असतो तिथून त्याचे म्हणणे बरोबरच असते. ही मते आपल्या वाचकांपर्यंत, आणि त्याहून जास्त परीक्षण लिहिणाऱ्यांपर्यंत व खेळांच्या वेळा ठरवणाऱ्यांपर्यंत पोचावीत म्हणून हे पत्र.

उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतले घेऊ. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, हसता हसता डोळे पुसायला लावणारा घरगुती मामला. पहिल्या शनिवार-रविवारपेक्षा दुसऱ्या शनिवार-रविवारी जास्त गल्ला जमवणारे चित्रपट मोजकेच असतात, हा त्यांतला एक. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे घोळके आले आणि पडद्यासमोर नाचलेही, हे वर्तमानपत्रांत छापून आलेच आहे. त्या दिवसांत आतून चित्रपटगृह कसे चालले होते, ते मात्र फारसे कुणी लिहिले नाही.

सुरुवात केबिनपासून, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीपासून. ऑपरेटर चित्रपट काचेपलीकडून पाहतो. प्रोजेक्टरचे पंखे आणि एक्झॉस्ट सतत घोंघावत असतात, संवाद ऐकू येतो तो भिंतीवरच्या छोट्या मॉनिटर स्पीकरमधून. हॉलमधला हशा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे विनोदी चित्रपट त्याला बहुधा कोरडा वाटतो. तेच वाक्य दिवसातून पाच वेळा, आणि पुढे हसणारे कुणी ऐकू येत नाही. पण त्याची खरी तक्रार वेगळी असते आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्रातल्या बारीकसारीक दोषांचा सर्वांत जास्त फटका विनोदी चित्रपटालाच बसतो.

आवाजाचे घ्या. डॉल्बीच्या साउंड प्रोसेसरवर ७ हा आकडा मूळ पातळीचा असतो आणि चित्रपटाचे मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची जुळवणी, तो धरूनच होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे बटण, ५ च्या आसपास ठेवलेला दिसतो, कारण जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवणारे येतात, पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी बाहेर येऊन तक्रार करतो, फेडर खाली येतो आणि चित्रपट सुरू झाल्यावर पुन्हा वर जात नाही. ४ च्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे साधारण ३.३ डेसिबल. म्हणजे ५ वर चाललेला चित्रपट मूळ पातळीपेक्षा सुमारे साडेसहा डेसिबलने दबलेला. मारधाडीच्या चित्रपटाला त्याने फरक पडत नाही, बाँब तो बाँबच. विनोदी चित्रपटाची सगळी भिस्त बोलण्यावर, त्यातही पुटपुटून टाकलेल्या वाक्यावर. तीनशे माणसे हसली की पुढचे वाक्य वाहून जाते, मग शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारण्यात त्यापुढचेही जाते.

यावर उपाय साधा आहे. सर्व्हरच्या, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या संगणकाच्या, प्लेलिस्टमध्ये जाहिरातींना वेगळा क्यू (ठरल्या क्षणी यंत्राने आपोआप पाळायची सूचना) द्यायचा, समजा ४ चा, आणि चित्रपटाच्या पहिल्या फ्रेमला ५.५ किंवा ६ चा. एकदा बसवला की हाताने फेडर हलवायचे कारण राहत नाही. दुसरी गोष्ट, पातळी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये ठरवायची नाही. माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये खणखणीत वाटणारा संवाद भरलेल्या हॉलमध्ये मऊ पडतो, आणि वर हशा असतोच. हाऊसफुल्ल खेळाच्या वेळी ऑपरेटरने किंवा मॅनेजरने एकदा खाली येऊन मागच्या रांगेत पाच मिनिटे उभे राहावे.

संवाद येतात ते पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून. त्याचा वरचा ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नमागचा उंच पट्टीचा आवाज काढणारा भाग, जळला तर आवाज बंद होत नाही. नुसता बोथट होतो. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ ही अक्षरे पुसट होतात. गाणी चालून जातात, कारण ती बाजूच्या स्पीकरांतूनही येतात. मराठी विनोद तर अनेकदा एका अक्षरावर उभा असतो, उच्चाराच्या फरकावर, गावाकडच्या हेलावर. तो गेला की प्रेक्षक बाहेर पडताना ‘पिक्चरमध्ये दम नाही’ एवढेच म्हणतो. स्पीकर बिघडलाय असे तो म्हणत नाही, त्याला ते कळणारही नाही. पहिल्या खेळाआधी फक्त मधल्या चॅनेलला पिंक नॉइज, म्हणजे तपासणीसाठीचा सगळ्या पट्ट्यांचा एकसलग आवाज, द्यावा आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून ऐकावे. धबधब्यासारखा भरलेला ‘शऽऽ’ यायला हवा. नुसता ‘घूंऽ’ आला तर वरचा ड्रायव्हर गेला असे समजावे. दोन मिनिटांचे काम आहे.

उजेडाची गोष्टही तशीच. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचे एकक) उजेड असावा असे प्रमाण आहे. दिवा जुना झाला की तो उतरत जातो, पण रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना ते जाणवत नाही. शिवाय ३डी साठी चंदेरी पडदा लावलेला असेल तर मधोमध झगझगीत आणि कडांना अंधुक दिसते. ३डी चे फिल्टर लेन्सपुढून काढायचे राहून गेले तर आणखी अंधार. आता विनोदी दृश्य कसे चित्रित केलेले असते ते पाहा. एक जण मध्ये उभा राहून बोलतो आणि हशा येतो तो कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. सहा बायका एका चौकटीत असतील तर कडेच्या दोघींचे डोळे, भुवया, तोंड मुरडणे हाच विनोद. कडा अंधुक असल्या की तोच नेमका दिसत नाही.

रिळांच्या दिवसांत हे वेगळ्या प्रकाराने व्हायचे. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट पळते. २,००० फुटांचे रीळ जेमतेम २२ मिनिटे चालते. फिल्म तुटली की फाटलेल्या फ्रेम कापून जोड द्यायचा. शहरात महिनोन् महिने चालून मग तालुक्याच्या टॉकीजला पोचलेल्या प्रिंटमध्ये एखाद्या ठिकाणच्या १२ फ्रेम गेलेल्या असल्या तर अर्धा सेकंद गेला. मारामारीत अर्धा सेकंद कुणाच्या लक्षात येत नाही. विनोदात वाक्य आणि उत्तर यांच्यामधली अर्ध्या सेकंदाची शांतता हीच हशाची जागा असते, ती कापली गेली की उत्तर वाक्यावर आदळते आणि कुणी हसत नाही. रिळाची पहिली आणि शेवटची काही फुटे तर सगळ्यात आधी झिजायची, त्यामुळे रीळ बदलण्याच्या सांध्यावर आलेला विनोद खेड्यापर्यंत क्वचितच धड पोचायचा. त्या काळातल्या जुन्या विनोदी चित्रपटांबद्दल शहरातल्या आणि गावाकडच्या थिएटरवाल्यांची मते जुळत नाहीत, त्याचे निम्मे कारण हे आहे. दोघांनी एकच चित्रपट दाखवला, पण प्रिंट एक नव्हती.

डिजिटलने हा त्रास संपवला. दुसरा मात्र तसाच आहे. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, मग पुढचे वाक्य टाकतो. पडद्यावरचा नट थांबू शकत नाही. ती शांतता एडिटिंगच्या टेबलावरच अंदाजाने ठेवावी लागते. जुन्या लोकांचा हा अंदाज पक्का असायचा, कारण त्यातले बरेच जण नाटकातून आलेले होते. अलीकडच्या पुष्कळ विनोदी चित्रपटांत जागा सोडलेली नसते, उलट प्रत्येक पंचवर ‘टडँग’ करून पार्श्वसंगीत वाजते. यावर आमच्यात एकमत आहे, आणि इतक्या गोष्टींत मतभेद असताना ते मुद्दाम सांगावेसे वाटते. तो ‘टडँग’ नको. हॉल हसतोय त्याच वेळी तो वाजतो, हशा आणि संगीत एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो, आणि नंतरचे वाक्यही बुडते. निर्मात्यांनी अंतिम मिक्सिंगपूर्वी चित्रपट एकदा दोनशे-अडीचशे साध्या प्रेक्षकांना दाखवावा आणि हशा किती सेकंद टिकतो ते घड्याळ लावून मोजावे.

डोअरकीपरचे मत ऑपरेटरच्या अगदी उलट. तो दरवाजाच्या आत, अंधारात, हातात टॉर्च घेऊन उभा असतो. त्याची नजर पडद्यापेक्षा प्रेक्षकांवर जास्त. कुठल्या वाक्याला दुपारच्या खेळात हशा पिकतो आणि रात्रीच्या खेळात का पिकत नाही, हे त्याच्याइतके कुणी सांगू शकणार नाही. भरलेल्या हॉलमध्ये हशा मागून पुढे येतो. पाठीमागची माणसे हसली की पुढच्यांना धीर येतो. चाळीस माणसे चारशेच्या हॉलमध्ये विखुरलेली असतील तर प्रत्येक जण मनातल्या मनात हसतो. म्हणून थोडीच तिकिटे गेलेली असताना ऑनलाइन जागा हव्या तशा विखरू न देता मधल्या सलग चार-पाच रांगा आधी खुल्या कराव्यात, असे डोअरकीपर मंडळींचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटते.

त्यांचा त्रासही मोठा. ‘बाईपण’च्या वेळी वीस-वीस, तीस-तीस जणींचे गट यायचे. तिकिटे सगळी एकीच्या मोबाइलवर आणि ती अजून रिक्षात. सगळ्यांना एकत्र बसायचे, पण जागा तीन रांगांत विभागलेल्या. मग अदलाबदल. एका गटाला बसवायला आठ-दहा मिनिटे लागतात, आणि विनोदी चित्रपटाची पहिली पंधरा मिनिटे म्हणजे कोण कुणाची कोण हे समजण्याची वेळ. ती टॉर्चच्या उजेडात गेली की पुढचे निम्मे विनोद लागत नाहीत. ज्यांनी हे नीट हाताळले त्यांची पद्धत अशी: दरवाजे वीस मिनिटे आधी उघडायचे, गटाच्या बुकिंगची आसन क्रमांकांसह यादी आधीच छापून ठेवायची, एक माणूस दाराशी आणि एक थेट रांगेच्या तोंडाशी. गटाला तिकिटे देतानाच एका रांगेत सलग बारा आणि त्याच्या बरोबर मागे बारा अशी द्यायची. लांबलचक एका रांगेपेक्षा ती बायकांनाही आवडतात, गप्पा मारता येतात.

सफाईच्या मावश्यांचे मत सर्वांत कडू आणि ते छापायला कुणी तयार नसते, म्हणून सविस्तर लिहितो. दोन खेळांमध्ये पंधरा मिनिटे. अडीचशे खुर्च्या, चार जणी. कौटुंबिक विनोदी चित्रपटाला लहान मुले येतात, म्हणजे खुर्चीच्या फटीत पॉपकॉर्न, पायऱ्यांवर सांडलेले सरबत. पॉपकॉर्न झाडूने निघतो. साखरेचे चिकट पाणी मात्र ओल्या फडक्याने दोनदा पुसावे लागते आणि पायरी वाळायला पाच मिनिटे द्यावी लागतात, नाहीतर पुढच्या खेळाला येणारी आजी अंधारात घसरते. त्यात चित्रपट संपल्यावर नाच सुरू झाला की पंधरातली सात मिनिटे तिथेच जातात. चित्रपट त्यांना चांगला वाटला का, असे विचारण्यात अर्थ नाही. शेवटची दहा मिनिटे त्यांनी शंभर वेळा पाहिलेली असतात आणि सुरुवात एकदाही नाही. त्यांची मागणी एवढीच, की असा चित्रपट लागला की मधला वेळ पंचवीस मिनिटांचा ठेवा. पाच खेळांना मिळून दिवसाला चाळीस मिनिटे जातात, एखादा खेळ कमी करावा लागत नाही. आणि हॉलचे दिवे नामावली संपल्यावर लागतील असा क्यू द्या. नामावली सुरू होताच दिवे लावले की नाचणाऱ्यांना वाटते आपल्याला हाकलताहेत, त्या चिडतात, आणि वाद सफाईवाल्यांशी होतो.

कँटीनवाल्यांचे थोडक्यात. मध्यंतर विनोदाच्या ऐन भरात झाले की लोक बोलत, नक्कल करत बाहेर येतात, रेंगाळतात, विक्री चांगली होते, पण आत परतायला उशीर होतो आणि मध्यंतरानंतरचे पहिले दृश्य निम्म्या हॉलला कळत नाही. परदेशी चित्रपटांत मध्यंतर दिलेलेच नसते, ते ऑपरेटरला कुठेतरी बसवावे लागते. ते घड्याळ पाहून बरोबर मध्यावर बसवू नये. दृश्य संपून नवे सुरू होते त्या कटवर बसवावे, मग मिनिट-दोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी हरकत नाही.

आता बुकिंग. आमची खरी तक्रार इथे आहे. विनोदी चित्रपटाचे आगाऊ बुकिंग बहुधा अशक्त असते. त्याचा धंदा करंटवर, म्हणजे खेळाच्या तासभर आधी खिडकीवर होतो, आणि तो वाढतो तोंडी प्रसिद्धीने. घरातली एक बाई शनिवारी पाहून येते, रविवारी फोनवर बहिणीला सांगते, सोमवारी भिशीत विषय निघतो, मग दिवस ठरवायचा, पैसे गोळा करायचे, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाकडे पाहुणे. वीस जणींचा गट प्रत्यक्षात येतो तो दुसऱ्या मंगळवारी-बुधवारी. आणि मल्टिप्लेक्सचे पुढच्या आठवड्याचे खेळ ठरू लागतात पहिल्या सोमवारी, पहिल्या तीन दिवसांचे आकडे पाहून. आकडे मध्यम असले की चित्रपटाला पुढच्या शुक्रवारपासून सकाळी नऊचा एक आणि रात्री साडेदहाचा एक असे दोन खेळ उरतात. बुधवारी वीस बायकांनी सकाळी नऊला घर कसे सोडायचे? गट येत नाही, आकडे आणखी पडतात, चित्रपट उतरतो, आणि ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली’ असे छापून येते.

हिशेबही चित्रपटगृहाच्या बाजूचा आहे, म्हणून जास्त आश्चर्य वाटते. २००९ मध्ये हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्स आणि निर्माते-वितरक यांच्यात जे ठरले त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत जातो. त्या धर्तीवर पाहिले तर तिसऱ्या आठवड्यात विकलेले तिकीट चित्रपटगृहाला पहिल्या आठवड्यातल्यापेक्षा जास्त देऊन जाते. हळूहळू चढणारा विनोदी चित्रपट टिकवणे हा व्यवहारही आहे.

२०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक केले, ते चांगलेच झाले. पण बाराचा खेळ देऊन नियम पाळता येतो, आणि बारा ही घरातल्या बाईची डब्यांची, शाळेतून मुले आणण्याची, जेवणे वाढण्याची वेळ आहे. कौटुंबिक विनोदी चित्रपटाचा हक्काचा खेळ दुपारी तीन-सव्वातीनचा. तिकिटाबद्दलही सुचवायचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के. म्हणजे १०० चे तिकीट प्रेक्षकाला १०५ ला पडते आणि ११० चे जवळजवळ १३० ला. आमचे दहा रुपये वाढतात, तिचे पंचवीस जातात, वीस जणींचे पाचशे. सोमवार ते गुरुवार दुपारच्या खेळाचे तिकीट शंभरावर नेऊ नये.

चित्रपट म्हणून ‘बाईपण’ कसा होता, यावर आमच्यात आजही दोन तट आहेत. काहींच्या मते मोठ्या पडद्यावर मालिकेचे चार भाग सलग पाहिल्यासारखे वाटते, आणि तीच माणसे हेही कबूल करतात की खेळ सुटल्यावर बायका जिन्यात थांबून अनोळखी बायकांशी बोलत होत्या, असे त्यांनी दुसऱ्या चित्रपटाला क्वचितच पाहिले. दुसऱ्यांना त्यातली मंगळागौर खरी वाटली आणि मोठ्या पडद्यावर साठीच्या बायका मध्यभागी दिसल्या हेच पुरेसे वाटले. दोन्ही बाजू मनापासून बोलतात.

परीक्षण लिहिणाऱ्यांना एक विनंती. विनोदी चित्रपट पत्रकारांसाठीच्या खास खेळाला किंवा शुक्रवारी सकाळच्या रिकाम्या खेळाला पाहून त्यावर तारे देऊ नका. रविवारी दुपारी तीनचे तिकीट काढा, शेवटच्या रांगेत दरवाजाजवळची जागा घ्या आणि लिहिताना हॉल किती भरला होता, संवाद नीट ऐकू येत होते का, तेही दोन ओळींत लिहा. जमले तर दुसऱ्या बुधवारी पुन्हा या. दरवाजाशी टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस तुम्हाला हशाच्या जागा एकेक करून सांगेल.

आपले,
चित्रपटगृहांत केबिन, दरवाजा, बुकिंग आणि सफाईचे काम करणारे काही वाचक
पुणे